हायड्रोजनसाठी बांगड्या

किस्से काही कोणी मुद्दाम साठवत नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये चार-पाच वर्षं चहा प्यायलात की ते आपोआप साठतात, आणि मग कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही! ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या हिंदी शाळेत मी केमिस्ट्री शिकवते, मोघेबाई फिजिक्स, आणि लॅब इंगळे सरांकडे. तिघंही मराठी. त्यामुळे स्टाफरूममधला 'अणू' वर्गाच्या दारात पोचला की 'परमाणु' होतो.

आणि आमची रेवा. तिला जन्मापासून दिसत नाही. नववीत आली त्याच दिवशी तिनं जाहीर केलं, "अकरावीला सायन्सच घेणार. आत्ताच सांगून ठेवते, नंतर झिकझिक नको!"

*

अणूचं जुनं मॉडेल म्हणजे टणक गोळी. फुटत नाही, तुटत नाही. फळ्यावर गोल काढून रेवाला काय उपयोग? म्हणून मोघेबाईंनी दाल बाजारातून चणे आणले आणि प्रत्येकीच्या हातावर एकेक ठेवला.

"समझो यह परमाणु है। इसके टुकड़े नहीं होते।"

कट्ट!

"हो गए, मॅडम! दो!" रेवानं चणा दाताखाली फोडून दोन्ही तुकडे तळहातावर धरल्या होत्या.

मोघेबाई म्हणाल्या, "शाबाश! हे कळायला शास्त्रज्ञांना जवळजवळ शंभर वर्षं लागली!"

*

पुढचं मॉडेल कलिंगडाचं. लाल गर म्हणजे पॉझिटिव्ह चार्ज, त्यात रुतलेल्या बिया म्हणजे इलेक्ट्रॉन. बाईंनी खरोखरचं कलिंगड कापून आणलं. रेवानं बोटांनी गर चाचपला. "बिया इकडे-तिकडे पसरल्यात. आत खास असं काही नाहीच."

"बरोब्बर! आणि हे मॉडेल पुढे चुकीचं ठरलं," बाईंनी सांगून टाकलं.

पाच मिनिटांनी प्रिन्सिपल साहेब दारात. साऱ्या वर्गाचे गाल फुगलेले!

"यह क्या चल रहा है?"

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, थ्योरी गलत निकली, तो खत्म कर रहे हैं!"

*

ते चुकीचं ठरलं कसं? सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर बारीक कण मारले. बहुतेक आरपार गेले, पण एखादा उलटा फिरला. म्हणजे अणूच्या मध्ये काहीतरी लहान आणि भरीव असणार.

आमच्या लॅबमध्ये सोनं कुठलं! इंगळे सरांनी विटांच्या टेकूवर प्लायवूडची मोठी फळी ठेवली आणि खाली एक वस्तू लपवली. वाकून बघायचं नाही. बाहेरून गोट्या सोडा, त्या कशा निघतात ते पाहा आणि आत काय आहे ते ओळखा.

डबा! चप्पल! फुलदाणी! मुली वाट्टेल ते सांगत होत्या. रेवा फळीला कान लावून बसली. "और एक." गोटी गेली. "और एक." मधली सुट्टी झाली, सगळ्या डबे खायला पळाल्या. ही जागची हलेना! मैत्रिणी परत आल्या तेव्हा उठून म्हणाली, "जवळजवळ सगळं रिकामं आहे. मधोमध काहीतरी छोटंसं, लोखंडाचं."

सरांनी फळी उचलली. तराजूचं वजन!

वर्गातली पहिल्या नंबरवाली भडकली. "सर, यह चीटिंग है! रेवा कान से देखती है!"

*

मध्येच एक टूम निघाली. ग्वाल्हेरची मुलगी, त्यात दिसत नाही, मग गाणंच शिकावं! घरचे म्हणू लागले, शेजारचे म्हणू लागले, स्टाफरूमनंही री ओढली. एके दिवशी रेवा सरळ स्टाफरूममध्ये आली. "एकदा ऐकूनच घ्या," म्हणाली आणि गायला लागली.

दुसऱ्या ओळीला इंगळे सरांनी उठून खिडकी लावली.

"बेटा," ते कळवळून म्हणाले, "तू सायन्सच घे!"

*

नंतरच्या मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांमध्येच फिरतात. एक कक्षा लहान, दुसरी मोठी, तिसरी त्याहून मोठी. रेवाला हे हातानं कळावं म्हणून इंगळे सर नई सडकवर बांगड्यांच्या दुकानात गेले. एक अगदी तान्ह्या बाळाची, एक जराशी मोठी, एक भल्या थोरल्या मापाची. दुकानदार चक्रावला.

"भाईसाहब, साइज़ तो तीनों अलग हैं। चाहिए किसके लिए?"

सरांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. "हाइड्रोजन के लिए।"

"अच्छा, अच्छा," दुकानदार बांगड्या कागदात गुंडाळत म्हणाला. "बहूजी बाहर की हैं?"

*

रेवा आता अकरावी सायन्सला आहे. प्रवेश मिळाला कसा, तेवढं ऐका.

दहावीचा निकाल चांगला लागला, पण गाडी प्रिन्सिपल साहेबांच्या केबिनमध्ये अडली. माणूस वाईट नाही, पण त्यांना धास्ती होती. तिची आई पदर पिळत उभी. मोघेबाई बोलून थकल्या. इंगळे सर म्हणाले, "प्रॅक्टिकलला मी शेजारी उभा राहीन." मी म्हटलं, ॲसिडची बाटली मी तिच्या हाती लागू देणार नाही, ते काम मी करीन. साहेब मान हलवत राहिले. रेवा खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती.

शेवटी साहेब तिच्याकडे वळले. आवाज अगदी मऊ.

"बेटा, मैं मना नहीं कर रहा। पर तुम ही सोचो, जो चीज़ कभी दिखेगी ही नहीं, उसे पढ़ोगी कैसे?"

रेवानं त्यांच्या आवाजाच्या दिशेला मान वळवली.

"सर, परमाणु आपने देखा है?"