सावदा ते धुळे, तीन इंच उंचावरून

धुळ्याला कसं जायचं, वाटेत काय खायचं, ते सांगतोच. पण त्याआधी धुळ्याला जाताना पायात काय घालू नये, ते सांगतो. हा अनुभव पंचाऐंशी-शहाऐंशीच्या थंडीतला, स्वखर्चाने घेतलेला.

सुरुवात एका फोटोने झाली. मुलगी धुळ्याच्या देवपुरातली, शाळेत शिकवणारी, कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेली. फोटोत ती टीमच्या मागच्या रांगेत होती आणि तरी सगळ्यांच्या वर दिसत होती. मला ती बघताक्षणी आवडली, खोटं कशाला बोलू. त्याआधी तीन ठिकाणांहून मला नकार आला होता, त्याचं फारसं वाईट वाटलं नव्हतं. हिने नकार दिला असता तर मात्र वाटलं असतं. अडचण एवढीच की मुलगी पाच फूट पाच इंच आणि मी, श्वास रोखून ताठ उभा राहिलो तर, पाच फूट तीन. त्यात आमच्या पांडूमामाने मला न विचारता मुलीच्या वडिलांना पत्राने कळवून टाकलं होतं की मुलगा पाच फूट सहा आहे.

"मामा, आता हे तीन इंच आणू कुठून?"

"तुले काय करायचं? मी आणतो," मामा म्हणाला.

आणि आणले, भुसावळहून. तिथे नाटकमंडळींचे जोडे करणारा एक कारागीर मामाच्या ओळखीचा होता. त्याने माझ्या काळ्या बुटांना चामड्याच्या थरांवर थर लावून तीन इंची टाच चढवली. टाच झाकायला बेलबॉटम हवी. तिची फॅशन तोवर कधीच मेलेली, त्यामुळे शिंप्याने दोनदा विचारलं, "नक्की ना?" मग आठ दिवस मी केळीच्या बागेत चालायचा सराव केला, कारण तिथे कोणी बघत नाही. आई बघत होती. "असा काहून चालतो रे, काटा भरला का?" तिने विचारलं. मी हो म्हणालो.

तर मार्ग असा: सावद्याहून सकाळी सहाच्या एसटीने भुसावळ, तिथून जळगाव, आणि जळगावहून एरंडोल-पारोळा करत धुळे. जळगाव ते धुळे तिकीट तेव्हा फार नव्हतं, वेळ मात्र तीन तास धरा. वांग्यांचे दिवस असतील तर जळगावच्या स्टँडजवळ भरीत-पुरी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी आणि बरोबर आलेल्या मामाने दोन-दोन ताटं खाल्ली. मुलीच्या घरी कमी खावं म्हणजे संस्कार दिसतात, असं मामाचं म्हणणं.

गाडीत बसायला जागा नव्हती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं दुःख झालं नाही. कारण वरच्या दांडीला माझा हात पोचत होता. लोकांच्या टकलांवर काय काय असतं ते दिसत होतं. एका बाईने तर "भाऊ, तेवढी पिशवी वर ठेवता का?" म्हणून मला विचारलं. मला. एरंडोलपर्यंत मी चौघांच्या पिशव्या वर ठेवल्या, दोघांनी न सांगता.

पारोळ्याला गाडी दहा मिनिटं थांबते आणि तिथली भजी गरम मिळतात. मी भज्यांच्या घाईत पायरीवरून उडी मारली. उजवी टाच पायरीवरच राहिली. मी खाली उभा, एका बाजूने पाच-सहा, दुसऱ्या बाजूने पाच-तीन. मामाने टाच उचलून रुमालात बांधली आणि आधी भजी घेतली. गाडीत परत चढलो तर मघाच्याच बाईने माझी चाल बघून झटकन उठून जागा दिली. "बसा हो भाऊ, मघाशी लक्षातच आलं नाही माझ्या," ती हळहळली. धुळ्यापर्यंत मी खाली मान घालून बसलो. मुलीसमोर असा तिरका जाणार, आणि पत्रातलं खोटं दारातच उघडं पडणार. चौथा नकार ठरलेलाच होता.

धुळ्याच्या स्टँडबाहेर लिंबाखाली चपला-बूट सांधणारे एक आबा बसलेले. त्यांनी बूट हातात घेऊन उलटसुलट केला.

"हाई टाच शे का विटासनी थप्पी?" ते म्हणाले. "बठ्ठी उखडीसन नवी ठोकनी पडी."

सगळी टाच उखडून नवी ठोकायची म्हणून दोन्ही बूट त्यांनी काढून घेतले. थर सोडवले, घासले, सोल्युशन लावलं आणि उन्हात ठेवून दिले. अर्धा तास हात लावायचा नाही, म्हणाले. आणि नेमकी तेव्हाच मला एक नंबरला जायची घाई झाली. स्टँडच्या मुतारीत अनवाणी जायचं? ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना विचारा. आबांनी दुरुस्तीला आलेल्या ढिगातून बायकांच्या सँडल काढल्या, लाल, सोनेरी बकलाच्या, टाच चार बोटं.

"त्या घालीसन जा. मालकीण सांजले येई."

गेलो. सांगायला अभिमान वाटतो की सरावामुळे एकदाही अडखळलो नाही. बाकावरच्या कंडक्टरने विडी तोंडापर्यंत नेली आणि तिथेच धरून ठेवली. फलाटावर पांढऱ्या टोपीतले एक वयस्क गृहस्थ उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला नीट न्याहाळत उभे होते. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून पायांवर गेली, तिथे बराच वेळ राहिली, मग ते पाठ फिरवून निघून गेले.

आबांनी टाच अशी पक्की बसवली की बूट घालून मी उभ्या उभ्या दोन उड्या मारल्या. रिक्षाने पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात गेलो. मुलीच्या घराच्या पायरीवर मी पूर्ण पाच फूट सहा इंच उभा राहिलो आणि मामाने अभिमानाने कडी वाजवली.

दार उघडलं. पांढऱ्या टोपीतले तेच गृहस्थ. मुलीचे वडील, नाना.

"या, या," ते म्हणाले. "जोडे इथे काढा, बादलीत पाय धुवायला पाणी आहे."

मी मामाकडे बघितलं, मामाने माझ्याकडे. आठ दिवस आम्ही दोघे टाचेचा विचार करत होतो. भुसावळचा कारागीर, शिंपी, कोणाच्याच डोक्यात आलं नाही की आपल्यात चपला-जोडे घालून कोणी घरात जात नाही.

काढले. मी तीन इंच खाली आलो, पॅन्ट मात्र होती तेवढीच राहिली. दोन्ही पाय कापडात गडप झाले आणि मी फरशी पुसत पुसत खुर्चीपर्यंत गेलो.

"मी स्टँडवर आलो होतो तुम्हाला घ्यायला," नाना पाणी देत म्हणाले. "पण पाच-सहाचा मुलगा काही दिसला नाही. एक बुवा तेवढा दिसला, बायकांच्या लाल सँ..." आणि ते थांबले. माझ्याकडे नीट बघून त्यांनी टोपी काढली, परत घातली.

आतल्या खोलीत कोणीतरी फसकन हसलं.

पोह्यांचा ट्रे घेऊन ती बाहेर आली. फोटोत होती त्यापेक्षाही उंच. मामा हवामानावर बोलायला लागला. मला सहन होईना. म्हटलं, नकार तर येणारच आहे, निदान खऱ्या उंचीला येऊ दे.

"मी पाच फूट तीन आहे," मी म्हणालो. "बाकीचे तीन इंच बाहेर पायरीवर आहेत. आणि स्टँडवरचा तो बुवाही मीच."

मामाने डोळे मिटून घेतले. नाना मुलीकडे बघत म्हणाले, "तुला काही विचारायचं असेल तर विचार."

तिने ट्रे खाली ठेवला. "पडला नाहीत ना?"

"पारोळ्याला थोडक्यात वाचलो," मी म्हणालो. तेवढं विचारून ती आत निघून गेली. 'विचार करून कळवतो,' असं नाना म्हणाले. ते वाक्य मी याआधी तीनदा ऐकलं होतं.

निरोप घेऊन बाहेर आलो तर ती मागच्या दाराने येऊन पायरीवर बसलेली, हातात वरवंटा आणि माझा उजवा बूट.

"एक खिळा वर आला होता, ठोकलाय," ती म्हणाली. "परत येताना साध्या चपला घालून या."

परतीला गाडीत जागा मिळूनही मी उभाच होतो. सावद्याला पोचलो तेव्हा आई ओट्यावर वाट बघत होती. "काय म्हणाली पोरगी?" तिने विचारलं. मी बूट काढून कोपऱ्यात ठेवले आणि उलट तिलाच विचारलं, "माझ्या चपला कुठे आहेत?"