डिझेलच्या टाकीला दादरा

लोणच्याच्या बरणीला बांधतात तसा दादरा मी माझ्या पिकअपच्या डिझेलच्या टाकीला बांधला, आणि मग गाडी चढावर का अडखळते म्हणून गावभर भांडत फिरलो.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे वाचणाऱ्याला एव्हाना कळलंही असेल. मला कळायला अख्खा भाद्रपद आणि अर्धा आश्विन लागला. त्याची मला फार लाज वाटते असं मात्र कोणी समजू नये.

गोष्ट दोन हजार सालानंतरची. गाड्यांना नुकते कुठे कॉम्प्युटर जोडायला लागले होते. पूर्णगडला मासळीचा धंदा करणारे एक चाचा होते, त्यांचा माल मी वाहायचो. चाचा तरुणपणी जहाजावर, मग आखातात, आणि गुडघे बोलायला लागल्यावर गावात. दुपारी बंदरावर बांगड्याचे क्रेट भरायचे, वर बर्फ मारायचा आणि पावस, भाट्याचा पूल, रत्नागिरी करत हातखंबा गाठायचं. तिथे हायवेला मुंबईचा मोठा ट्रक लागलेला असायचा. त्यात माल चढला की माझं काम संपलं. नाही चढला तर ट्रक निघून जायचा, कारण तो कोणाच्या बापासाठी थांबत नसे.

आता दादऱ्याचं. क्रेटमधून बर्फाचं खारट पाणी गळायचं आणि नेमकं टाकीच्या झाकणावरून ओघळायचं. झाकणाला एक बारीकसं भोक होतं. कारखान्यात कोणाच्या तरी हातून चुकून राहिलं असणार, असं मी समजलो. डिझेलमध्ये खारं पाणी गेलं तर इंजिनाचं वाटोळं होणार म्हणून मी झाकणावर प्लास्टिकचा जाड कागद घातला आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली. आमच्याकडे पावसाआधी बरणीपासून होडीपर्यंत सगळ्यालाच असं काहीतरी बांधतात. टाकीनेच काय पाप केलं होतं? डिझेल भरताना दादरा सोडला, झाकण फिरवलं की टाकी मोठ्याने 'फुस्स' करायची. तो आवाज ऐकून मी खूश. याला म्हणतात हवाबंद! पंपावरच्या माणसालाही मी एकदा तो ऐकवला होता.

आणि त्याच सुमारास गाडी अडखळायला लागली. सपाटीला गुणी. भाट्याचा पूल ओलांडेपर्यंत गाणं म्हणत यायची. पण पुढे माल घेऊन चढ लागला की ॲक्सिलरेटर दाबावा आणि तिने विचारात पडावं. जावं की न जावं? मग एक झटका, थोडा दम, परत झटका. डॅशबोर्डवर एक दिवा पेटेल तर शपथ. एकदा ट्रक चुकला. मी एअर फिल्टर साफ केला. दुसऱ्यांदा चुकला. मी डिझेल फिल्टर बदलला. मधल्या काळात माझ्या लक्षात आलं, की पंपावर डिझेल भरलं की पुढे बराच वेळ गाडी सुरळीत चालते. त्यावरून मी सिद्धांत मांडला, की हिला ताजं डिझेल लागतं. शिळं चालत नाही. मग मी थोडं थोडं भरायला लागलो, जसं काही तापातल्या माणसाला पेज देतोय.

चाचांनी मला बंदरावरच गाठलं.

"दोनदा माझा बांगडा हातखंब्याला लोळला. तिसऱ्यांदा ट्रक चुकला तर माझा भाचा टेम्पो घेऊन तयार आहे. वाईट वाटून घेऊ नकोस."

"तुमच्या भाच्याला चढावर गिअर टाकता येतो का पण?"

"त्याला वेळेवर पोचता येतं," चाचा म्हणाले आणि बर्फवाल्याकडे वळले.

पूर्णगडचा माल गेला असता तर मला दुसरं काम नव्हतं. गाडी माझी आणि बायकोची, तिच्या बांगड्या मोडून घेतलेली. म्हणून मी मान खाली घालून सर्व्हिस सेंटरला गेलो. म्हणजे जाताना खाली होती. नेण्याआधी गाडी घासूनपुसून धुतली. चार लोकांत न्यायची तर तिच्या अंगावर फडकी-चिंध्या कशाला, म्हणून दादराही सोडून ठेवला. हे वाक्य लिहिताना मलाच माझी पाठ थोपटावीशी वाटते.

तिथल्या इंजिनिअर साहेबांनी वायर जोडली, पडद्यावर बघितलं, मग रिकामी गाडी एमआयडीसीच्या सरळ रस्त्यावर फिरवून आणली.

"एकही एरर नाही. गाडीत प्रॉब्लेम नाही."

"मग मी चढावर काय करवंदं तोडायला थांबतो?"

"ड्रायव्हिंग हॅबिट असू शकते."

हे ऐकून माझी मान जी वर झाली ती आजपर्यंत खाली आलेली नाही. मी म्हटलं, "साहेब, माल भरून आणतो. माझ्या शेजारी बसा आणि खेडशीचा चढ चढून बघा."

"माल कसला?"

"बांगडा."

साहेबांनी शर्टाची इस्त्री बघितली. "कॉम्प्युटरमध्ये काही येत नाही तोवर आम्ही काही करू शकत नाही."

"तुमच्या कॉम्प्युटरला नाक नाही, कान नाही आणि चढ म्हणजे काय ते माहीत नाही. मी शोधतो!" असं मी भर काउंटरवर, लोकांसमोर बोललो. बाहेर येऊन गाडीत बसल्यावर ध्यानात आलं, की काय शोधायचं आणि कुठे शोधायचं याची मला काडीची कल्पना नाही. पण बोललो होतो ना. घरी जाऊन दादरा परत बांधला, आणखी दोन वेढे जास्त मारून.

बिघाड दिवा दाखवत नसेल तर आपण डिझेल डोळ्यांनी बघायचं, असं ठरवलं. शेजारी एक गवंडी राहायचा. चिऱ्याची भिंत बांधताना पाण्याची लेव्हल बघायची पारदर्शक नळी असते, तिचा तुकडा त्याच्याकडून मागून आणला आणि बॉनेटखाली डिझेलच्या लाइनमध्ये, फिल्टरच्या अलीकडे, मध्येच जोडला. फिल्टरवरचा छोटा हातपंप मारून लाइनमधली हवा काढली. आता लाइनमध्ये कुठून हवा शिरत असेल तर नळीत बुडबुडे दिसणार. आणि दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम डिझेल भरलं नाही. मला गाडी अडखळायलाच हवी होती.

त्या दिवशी बायकोला संगमेश्वरला माहेरी जायचं होतं. हातखंब्याला एस.टी. मिळते म्हणून रत्नागिरीत ती गाडीत चढली. कुवारबाव मागे पडल्यावर मी तिला बेत सांगितला.

"अहो, मागे चाचांचा माल आहे! आज ट्रक चुकला तर काम गेलं!"

"रिकामी असताना अडखळत नाही ना ती!"

"तुम्ही तर भरलेले असा नाहीतर रिकामे, अडखळताच," ती म्हणाली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली.

खेडशीच्या पुढे चढावर गाडीने माझ्या मनासारखं केलं. झटका, दम, झटका, आणि शेवटी बसलीच. मी चाकाखाली चिऱ्याचा तुकडा सरकवून बॉनेट उघडलं. नळीत एकही बुडबुडा नव्हता. पण नळी चपटी झाली होती. रायवळ आंबा चोखताना गाल आत जातात तशी. इंजिनाचा पंप जीव तोडून चोखतोय आणि टाकी काही सोडायला तयार नाही!

"डिझेल संपलं असेल," बायको म्हणाली.

"काटा अर्ध्यावर आहे."

"मग झाकण उघडून बघा तरी."

"बघतो. तू या नळीवर लक्ष ठेव, काय होतं ते सांग."

मी दादऱ्याचे वेढे सोडत बसलो. मागून वडापची भरलेली जीप जाताना कोणीतरी ओरडलं, "गाठ सुटत नसेल तर भटजी बोलवू काय?" मी त्याला योग्य ते उत्तर दिलं, ते इथे लिहीत नाही. झाकण फिरवलं. टाकीने नेहमीसारखं मोठ्याने 'फुस्स' केलं, आणि पुढून बायको ओरडली, "अहो, फुगली! नळी फुगली!"

मी झाकण हातात घेऊन तसाच उभा राहिलो. ते भोक माझ्याकडे बघत होतं. डिझेल जितकं जाईल तितकी हवा आत यायला हवी, त्यासाठी ठेवलेलं भोक. मी दीड महिना गाडीचं नाक दाबून तिला चढावर पळवत होतो, आणि ती गुदमरून 'फुस्स' करायची त्याला शाबासकी समजत होतो. ताज्या डिझेलने नाही, झाकण उघडल्याने ती बरी व्हायची.

प्लास्टिक आणि ट्यूब मी हळूच खिशात कोंबली.

"खिशात काय घातलंत?"

"काही नाही."

"दाखवा."

दाखवलं. ती पदर तोंडाला लावून जी बसली ती हातखंबा येईपर्यंत हलत होती. गाडी मात्र चढ असा चढली, की मला चौथ्या गिअरलाच आवरावं लागलं.

ट्रक होता. ड्रायव्हर वर चढून बसला होता, इंजिन चालू होतं, आणि टायरला टेकून चाचा उभे. आज ते स्वतः बघायला आले होते. बाजूला भाच्याचा टेम्पोही लावलेला दिसला. मी गाडी ट्रकला भिडवली आणि क्रेट उतरवायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"चाचा, कॉम्प्युटरला सापडला नाही तो बिघाड मी शोधला! माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवत होते. गाडीत बिघाड होता की नव्हता?"

"होता," बायको खाली उतरत म्हणाली. "ह्यांनीच बांधला होता." आणि तिने माझ्या खिशातून ट्यूबची पट्टी ओढून चाचांच्या हातात दिली, टाकीकडे बोट दाखवलं.

चाचांनी पट्टी ताणून बघितली. जहाजावर तरुणपण काढलेला माणूस, त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. हसू दाबताना त्यांची दाढी थरथरली.

"पण शोधला ना?" मी म्हटलं. "सांगा, कोणी शोधला?"

चाचांनी भाच्याला हाताने जा म्हणून खूण केली, पहिला क्रेट स्वतः उचलून ट्रकमध्ये सरकवला आणि म्हणाले, "उद्या माल तूच न्यायचा. पण पुढे हिला बसव, आणि तू मागे बांगड्यांत बस."