अर्धीच दाखवलेली पोस्ट

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. वडवणीत स्टार्टर आणि मोबाईल ऑटो दुरुस्तीचं माझं दुकान आहे. मोबाईल ऑटो म्हणजे विहिरीवरच्या मोटारीला जोडायचं यंत्र. घरून फोन लावला की मोटार चालू होते. ते बिघडलं की शेतकरी पिशवीत घालून माझ्याकडं आणतो. मी आधी त्याला चार शब्द सुनावतो, मग पेचकस हातात घेतो.

रिकाम्या वेळात मी ब्लॉग वाचतो. व्हिडिओ मला सोसत नाहीत, त्यात माणूस पहिल्यापासून ओरडतच असतो. ब्लॉगवाला निवांत सांगतो. राऊटर कसा बंद पडला, मधेच घरात पाहुणे कसे आले, मग राऊटर कसा चालू झाला. कोकणातले एक निवृत्त मास्तर जुने रेडिओ उघडून फोटो टाकायचे आणि खाली गुडघेदुखीचं लिहायचे. नागपूरच्या एक बाई इन्व्हर्टर आणि सासू, दोघांबद्दल सारख्याच वैतागानं लिहायच्या. मोबाईलवरच्या एका ॲपात मी असे ब्लॉग जोडून ठेवलेत, नवीन पोस्ट आली की आपोआप दिसते. ही माणसं मला आवडायची. त्यांच्याशी कधी गाठ पडणार नव्हती, म्हणूनही असेल.

एकदा पत्र्याच्या पेटीत ऑटोला रेंज का मिळत नाही, ते शोधत होतो. एक मराठी ब्लॉग सापडला. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. एरियल पेटीच्या बाहेर काढायची आणि पाणी लागू नये म्हणून तिच्यावर कापलेली प्लास्टिकची बाटली पालथी घालायची, एवढाच उपाय, सोबत फोटो. मी करून बघितलं, जमलं. मग खालच्या जुन्या पोस्टी वाचत बसलो. एकीत आयटीआयची आठवण होती. सरांनी चिडून माझ्या शेजारी बसणाऱ्या पोराला पक्कड फेकून मारली, असं लिहिलं होतं. ती पक्कड माझ्या पाठीत बसली होती. म्हणजे हा माझ्याच बाकावरचा जोडीदार. वडवणीपासून चार कोसांवर वस्तीवर आईसोबत राहतो, शेती करतो, बाजारच्या दिवशी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. पुढं माझ्याबद्दल लिहिलं होतं, "त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. पण शिकायची त्याला कधी गरजच वाटली नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं असतं तर हसलो असतो.

त्या दिवसापासून त्याची एकही पोस्ट मी सोडली नाही. त्यानं लिहिलेली प्रत्येक युक्ती मी गिऱ्हाइकांच्या विहिरीवर वापरली. "लई डोकं हाय बुवा तुमचं," असं लोक म्हणायचे, आणि मी मान हलवून ते घ्यायचो. ज्याचं डोकं होतं तो कधीमधी दुकानात यायचा, वायर घ्यायचा, माझी चौकशी करायचा. त्याचा ब्लॉग मी वाचतो हे मी त्याला कळू दिलं नाही. जेवढं त्याच्याकडून घेत गेलो तेवढा तो मला नकोसा होत गेला. हे काही बरोबर नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग त्यानं गोळीची पोस्ट लिहिली. त्याला फिट यायची. आयटीआय सुटल्यावर सुरू झालेलं दुखणं, गावात कुणाला पत्ता नाही. संध्याकाळी आठला गोळी घ्यायची असते आणि ती विसरून चालत नाही. म्हणून त्यानं एका मोडक्या ऑटोचं यंत्र काढून घरात बसवलं. आठला घंटी वाजते, गोळी घेऊन बटण दाबायचं. नाही दाबलं तर यंत्र आपोआप त्याच्या आईच्या मोबाईलवर फोन लावतं. सुरुवातीला फिटा कशा यायच्या ते त्यानं काही न लपवता लिहिलं होतं. दातखीळ बसायची, कपडे ओले व्हायचे, आई दार लावून घ्यायची. मधे तारांची जोडणी आणि फोटो. अगदी शेवटी लिहिलं होतं की चार वर्षांत एकदाही फिट आलेली नाही, बीडच्या डॉक्टरांनी लग्नाला हरकत नाही म्हणून सांगितलंय. "जिथं पोरगी बघायला जाईन तिथं होकाराच्या आधी मी स्वतः तिला हे सांगणार. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिनं ते ऐकायला नको."

तो तेव्हा पस्तिशीला आला होता. शेती करणाऱ्याला आमच्याकडं पोरगी देत नाहीत, दोन-तीन ठिकाणाहून शेतीचं नुसतं नाव ऐकूनच नकार आलेला. त्या दिवाळीनंतर धर्मापुरीकडचं एक स्थळ जुळत आलं. पोरगी शिकलेली, शिवणकाम करणारी, आणि तिला म्हणे वस्तीवर राहायची हरकत नव्हती. रविवारी बघायला जायचं ठरलं. त्याच्या आईनं बाजारात मला थांबवून ही बातमी दिली आणि तुमीबी सोबत चला म्हणाली. मी बघू म्हणलं.

आमच्याकडं मुलाची चौकशी त्याच्या घरी जाऊन करत नाहीत. पोरीकडचं एखादं माणूस गुपचूप येतं, एखाद्या दुकानात टेकतं आणि इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर येतं. ज्याला विचारलं त्याच्या एका शब्दावर सोयरीक होते नाहीतर मोडते. गुरुवारी पोरीचे मामा माझ्याच दुकानात आले. आम्ही दोघं एका बाकावरचे, हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. मी चहा मागवला. पोरगं निर्व्यसनी हाय, कष्टाळू हाय, माय-लेकाचं कुणाशी भांडण न्हाई, हे सगळं सांगितलं. ते खरंच होतं. मामा समाधानानं उठायला लागले आणि मी म्हणलं, "पण..."

ते परत बसले. "पण काय? बिनधास्त सांगा, भाऊ. पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय."

मी म्हणलं, मी माझ्या तोंडानं सांगत नाही, त्यानंच लिहिलेलं वाचा. मोबाईलवर गोळीची पोस्ट उघडली आणि त्यांच्यासमोर धरली. मामांनी चष्मा लावला. ते ओठ हलवत सावकाश वाचत होते, आणि मी बोटानं पोस्ट वर सरकवत होतो. दातखीळ झाली. ओले कपडे झाले. दार लावून घेणारी आई झाली. तारांचा पहिला फोटो आला आणि मी अंगठा तिथंच ठेवला.

मामांचा चेहरा उतरला होता. "खाली अजून काही हाय का?"

"न्हाई. पुढं नुसतं तारांचंच हाय."

मामांनी माझे दोन्ही हात धरले आणि उपकार झाले म्हणाले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मला शहाणा समजून उठलं होतं.

शनिवारी त्याच्या घरी धर्मापुरीहून फोन गेला, येऊ नका, पोरानं लिहिलेलं वडवणीच्या दुकानात वाचलं.

पुढच्या बाजारी तो दुकानात आला. मी पाना हाताशी ठेवला, म्हणलं आता मारामारी होणार. तो स्टुलावर बसला. त्याची आई दोन दिवस जेवली नाही, हे मला आधीच कुणाकडून तरी कळलं होतं.

"मामाला तू दाखवलंस?"

"व्हय."

"कावून?"

"त्यांनी विचारलं. पोरीच्या जन्माचा प्रश्न, खोटं कसं बोलू?"

त्यानं माझ्या टेबलावरचे सांडलेले स्क्रू एका जागी गोळा केले. मग त्यानं विचारलं, "तू शेवटपर्यंत वाचलं व्हतंस का?"

शेवटचा परिच्छेद मला पाठ होता. आजही आहे.

"न्हाई," मी म्हणलं. "वरवर चाळलं. एवढं लांबलचक कोण वाचतंय बे?"

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "मग ठीक हाय," तो म्हणाला. "मला वाटलं, समदं वाचून केलंस." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, दोन मीटर वायर मागितली आणि गेला. मला लाज वाटली. पण सुटलो असंही वाटलं, आणि तेच जास्त वाटलं.

दोन दिवसांनी ॲपात त्याची नवी पोस्ट दिसली. लिहिणाऱ्यानं महत्त्वाचं आधी सांगावं, असं तिच्यात होतं. माणसांना वेळ नसतो, ती अर्धंच वाचतात, त्यात त्यांचा दोष नाही. महत्त्वाचं शेवटी लिहायची खोड आपलीच. म्हणून त्यानं सगळ्या जुन्या पोस्टी उघडून शेवटचं वर आणलं होतं. मी गोळीची पोस्ट उघडली. चार वर्षं फिट नाही, डॉक्टरांची हरकत नाही, हे आता पहिल्याच ओळीत होतं. पोरीला मी स्वतः सांगणार, ही ओळ वर नव्हती. खालीही नव्हती. मी दोनदा शोधली.