जिप्सोफिलाला घातलेलं पाणी

आईला भेटायला आलेल्यांनी गुच्छ ठेवलाय. गुलाबांमधली जिप्सोफिलाची बारीक पांढरी फुलं पाहून मला घाटंजीचं अंगण आठवलं.

मी हौसेनं लावलेलं रोप आमच्या काळ्या, चिकट मातीत पिवळं पडत होतं. मे महिना होता, नळ आठ-आठ दिवसांनी यायचा. तरी आई तांदूळ धुतलेलं पाणी रोज त्याच्या बुडाशी ओतायची.

"आई, जास्त पान्यानं त्याचं मूळ सडते."

"एवढ्या उन्हात त्याले तहानलेलं कसं ठेवू वं?"

शेवटी रोप उपटलं, तर मूळ काळं, लिबलिबीत. केवढी चिडले होते मी तिच्यावर!

आता तिच्या किडन्या थकल्यात. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलंय.

"घोटभर पानी दे वं मले," ती कोरड्या ओठांनी म्हणते.

दुपारचे दोनच वाजलेत, आणि आजचं पाणी संपलंय.