बिनमोरचुदाची खळ

त्या दिवशी बाइंडिंगच्या खोलीत आम्ही पाच जण व्हतो. मी चंद्रकला; शिलाई आन् खळ माझ्याकडं. रझिया आपा, कागदाला घड्या घालायची. छापखान्याचे मालक अण्णा. कौसल्याबाई, बालवाडीच्या बाई, त्यांनीच ते पुस्तक लिहिलेलं. आन् त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल. तो पैठणच्या एस्टीनं आला व्हता आन् चपला घालूनच आत उभा व्हता. पाचांतली आता मी एकलीच हाये. मी सांगते, सून लिहून घेतीय.

"अक्का, हे समदं जाळून टाक," विठ्ठल म्हणला.

बाई छापलेल्या कागदांच्या थप्पीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

ते पुस्तक म्हणजे कादंबरी, बाईंच्या लेकीवर लिहिलेली. लेक पैठणच्या बाजूला दिलेली. विहिरीत पडून मेली. पाणी शेंदायला गेली आन् पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं. त्या विहिरीवर मोटर व्हती, पाणी थेट हौदात पडायचं. शेंदायला जायचं कारणच नव्हतं. पंचनामा झाला, मिटलं. मग बाई लिहायला बसल्या. लिहून झालं तसं पुण्याच्या एका प्रकाशकाकडं बाड धाडलं. ते परत आलं. लई उदास हाये, असं त्यांनी कळवलं.

"खरं हाये त्याचं," बाई म्हणल्या.

तवा अण्णा म्हणले, आपणच काढू, मशीन माझं. रझिया म्हणली, "घडी मेरी." मी म्हणले, शिलाई माझी. दिवसाच्या लग्नपत्रिका उरकल्या की आम्ही बाईंचं काम घ्यायचो.

पुस्तक कसं व्हतं ते जरा सांगते. मोठ्या कागदावर दोन्ही अंगानं मिळून सोळा पानं छापत्यात. त्याला फर्मा म्हणायचं. घड्या घातल्या की पानं ओळीनं येत्यात. असे फर्मे सुईदोऱ्यानं शिवायचे, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा बसवायचा. छापणं तवा शिशाच्या खिळ्यांचं. एकेक अक्षर जुळवून पान व्हायचं. अण्णांकडं खिळे थोडे. एक फर्मा छापला की खिळे सोडून परत खणात टाकायचे, त्याच खिळ्यांचा पुढचा फर्मा. त्यामुळं मागचं पान दुरुस्त करता येत नसे. छापलं ते छापलं.

आन् खळ म्हणजे मैद्याची पेज. ती शिजवताना त्यात मोरचूद टाकत्यात. ते निळं विष असतं. खळ जराशी निळी दिसती, पर कसर लागत नाय. कसर म्हणजे पुस्तकातला तो चंदेरी किडा. त्याला खळ लई आवडती.

तर विठ्ठलचं भांडण नावावरून व्हतं. बाईंनी पुस्तकात समद्यांची नावं बदलली. जावयाचं, विहिणीचं, गावाचं. लेकीचं तेवढं खरं ठेवलं. तिचं तेवढंच उरलंय, म्हणायच्या.

"लोकांला काय कळत नाय व्हय?" विठ्ठल म्हणला. "त्या नावाची, विहिरीत गेलेली, दुसरी कोण हाये तिकडं?"

"अहो, गोष्ट आहे ती," अण्णा म्हणले.

"तुमच्या शहरात गोष्ट. आमच्याकडं तिला साक्ष म्हणत्यात."

मग त्याचा आवाज खाली आला. "अक्का, पोर त्यांच्यात हाये. दिवाळीला तुझ्याकडं धाडत्यात ते बंद व्हईल. आन् तिकडं तिचं काय व्हईल ते मला इचारू नको. विहीर त्यांचीच हाये."

पोर म्हणजे लेकीची लेक. अजून शाळेत बी जात नव्हती.

बाई खाली बसल्या. रझियानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो घेतला नाय. मग म्हणल्या, "जाळणार नाय. नाव झाकते."

नवीन पानं छापावी तर खिळे सुटलेले आन् कागद संपलेला. रझियानं एका पानावर ब्रशनं शाई फिरवली. ती कागदाच्या आरपार गेली, मागच्या पानावरची ओळ बी बुडाली.

"वरून कागद चिकटवा की," विठ्ठलनंच सुचवलं. "आन् ते नाव कुणी तोंडानं बी घ्यायचं नाय."

आम्ही समद्यांनी शब्द दिला. तवाच तो चपला काढून टेकला आन् चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळीवर खडूनं लेकीचं नाव लिहिलं. असं दिसंल तिथं पट्टी लावायची. मी दुसरीपर्यंत शिकलेली, मला फर्म्याचे आकडे कळायचे तेवढंच. रझिया उर्दूवाली, तिला आपली अक्षरं येतच नव्हती. पर दुपारपर्यंत तिचा हात माझ्यापरीस जलद चालाय लागला.

"पढ़ना नईं आता मेरेकू," ती म्हणली, "पर अब सूरत से पैचानती मैं इसको."

बाई उठून बाहेर गेल्या. नळावर तोंड धुऊन आल्या आन् परत पट्ट्या कापायला बसल्या.

खळ मीच शिजवली. पाठीची वेगळी, पट्ट्यांची वेगळी. अण्णांनी दारातून इचारलं, "चंद्रकला, मोरचूद टाकलास का?"

"पाठीच्या खळीत टाकला, अण्णा."

त्यांनी पट्ट्यांच्या खळीकडं बघितलं. मग मशीनकडं गेले.

बाईंनी पट्टीच्या खळीत ब्रश बुडवला आन् उजेडाकडं धरला. "ही खळ पांढरी दिसतीय गं."

"व्हय बाई."

"किती टिकंल?"

"पोर मोठी होईस्तोवर टिकंल."

बाईंनी पट्टी लावली आन् अंगठ्यानं नीट दाबली.

पुस्तक बांधून झालं तसा विठ्ठल बघाय आला. थुंकी लावून पानं उलटली. एक पट्टी नखानं खरवडली. निघाली नाय.

"पक्कं बसलंय," म्हणला.

"आमचं काम पक्कंच असतं, भाऊ," मी म्हणले.

पुस्तक काय गाजलं नाय. थोडं खपलं, बरंचसं बाईंच्या खाटंखाली राहिलं. वाचणारे म्हणायचे, छापण्याच्या चुका लई दिसत्यात, किती पट्ट्या लावल्यात. बाई म्हणायच्या, "व्हय, चूक झाली."

पोर दिवाळीला येत राहिली. बालवाडीत आजीशेजारी बसून पाटी गिरवायची. तिला बी बापाच्या घरच्यांनी लवकरच उजवली, शिकू दिली नाय. पर त्या घरातून निघाली, त्या विहिरीपासून लांब गेली. त्यानंतर बाई आजारी पडल्या, घाटीच्या सरकारी दवाखान्यात वारल्या. मी त्यांची प्रत उघडून बघितली व्हती. पट्ट्या तशाच घट्ट. बाईंना नाव परत बघाय मिळालं नाय.

औंदा पुंडलिकनगरच्या घराला रंग द्यायचा म्हणून सुनेनं माझी पेटी खाली काढली. तळाशी माझी प्रत. उघडली तर पट्ट्या लुगड्यावर पडल्या, चाळणीवानी झालेल्या. खाली नाव जसंच्या तसं. दोन-चार अजून चिकटून हायेत. पाठ मात्र कुठं सुटली नाय, शिलाई बी हालली नाय.

खळीत काय टाकायचं ते समदे शिकवत्यात. काय टाकायचं नाय ते आपलं आपण बघावं लागतं.

त्या लेकीचं नाव मी सांगणार नाय, शब्द दिलाय. पर तुमच्या घरात, नायतर एखाद्या वाचनालयात, पानोपानी पांढऱ्या पट्ट्या लावलेलं जुनं पुस्तक असंल तर एवढं करा. त्या कपाटात डांबरगोळ्या ठेवू नका. आन् पट्टी गळाली तर परत चिकटवू नका.