दोन दारांमधला देव

आमच्या साडूंइतका रागावलेला माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि तोही एका टीव्ही गेमपायी. लोक भावकीवर रागावतात, पुढाऱ्यावर रागावतात, फार तर गेलेल्या लाईटवर. आमचे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, गेली तीसेक वर्षं उभ्या जगावर रागावून आहेत, कारण जगाला त्यांचा गेम माहीत नाही. अणदुरात त्यांची पिठाची गिरणी आहे. सहा दिवस माणूस कसा निवांत. बायका डबे ठेवतात, हे दळून देतात, भुवया पिठानं पांढऱ्या. पण रविवारी गिरणीला कुलूप लागतं, साडू डोक्यावरून अंघोळ करतात, जुन्या डबड्या टीव्हीपुढं घोंगडी अंथरतात आणि संतापाला सुरुवात होते.

हा गेम त्यांनी तरुणपणी सोलापूरच्या बाजारातून आणला. पिवळी कॅसेट, वरचा कागद कधीच झिजून गेलेला, त्यामुळं नावाचा पत्ता नाही. आतली अक्षरं जपानी असावीत असा माझा अंदाज. गेममध्ये एक वीर हातात तलवार घेऊन डोंगर चढतो, खड्ड्यांवरून उड्या मारतो, राक्षस मारतो. मागं एक कुत्रं पळतं. पुढं एका गावात त्याला घोडा मिळतो. राक्षस मेला की पिवळे ठिपके उडतात, ते गोळा केले की वीराचं बळ वाढतं आणि त्याला जास्त धारेची तलवार मिळते. आता तलवार, घोडा, कुत्रं आणि उधळलेलं पिवळं, हे सगळं एका जागी दिसल्यावर अणदूरच्या माणसानं काय समजावं? साडूंनी पहिल्याच दिवशी चपला बाहेर काढल्या. तेव्हापासून त्या वीराला ते 'देव' म्हणतात आणि पिवळ्या ठिपक्यांना भंडारा. देव खड्ड्यात पडला की आपण म्हणतो तसं "गेला" म्हणायचं नाही. मी एकदा म्हणालो, तर दुपारच्या जेवणापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

अक्षरं वाचता येत नाहीत हे त्यांनी कधीच कबूल केलं नाही. "अर्धं कानडीच हाय की ओ ते," असं सांगून ते गेममधल्या प्रत्येक माणसाचं बोलणं मोठ्यानं वाचून दाखवतात. विहिरीवरची म्हातारी म्हणते, "पावनं, पानी पिऊन जावा." लोहार म्हणतो, "तलवार हाय, पर आधी बळ दावा." गंमत म्हणजे तीस वर्षांत यातला एक शब्द बदललेला नाही. मोठा राक्षस पडला की साडू अंगणात फटाका लावतात, त्यासाठी तेरखेड्याचा माल वर्षभर पत्र्याच्या डब्यात ठेवलेला असतो. भर उन्हाळ्यात एकदा त्या आवाजानं शेजारच्यांची म्हैस दावं तोडून पळाली. शेजारी तणतणत आले, तर साडूच त्यांच्यावर उसळले, "तुमच्या म्हशीला कळंना, तुमाला तरी कळायला पायजे!"

पण खरा तमाशा झाला तो माझ्या पुतणीच्या लग्नात. पंगतीत शेजारी पुण्याचे एक पाहुणे बसले होते, कॉम्प्युटरवाले. मला जुन्या गेमचा फार नाद आहे, जुना एकही गेम सोडलेला नाही, असं ते बोलून गेले. साडूंचा घास हातातच राहिला. त्यांनी पहिल्या डोंगरापासून सगळं सांगितलं, कुत्र्यासकट. पाहुण्यांनी मोबाईलवर शोधलं, मान हलवली आणि म्हणाले, "काका, असा गेमच नाहीये." झालं! साडू भरल्या पानावरून उठले. जिलेबी तशीच. "न्हाय म्हंजे? म्या काय तीस वरसं भिताडाकडं बघत बसलो व्हय?" आक्का, म्हणजे त्यांची बायको, मागून हाका मारत राहिल्या, पण ते थेट अणदूरच्या गाडीत जाऊन बसले. तेव्हा मला साडूंचाच राग आला होता. आता वाटतं, नाहीये म्हणणाऱ्याला तरी कुणी अधिकार दिला? मोबाईलमध्ये सापडलं नाही म्हणजे जगात नाही, हा कुठला हिशेब?

एवढा जीव लावूनही साडूंनी तो गेम एकदाही पुरा केलेला नाही. जमत नाही म्हणून नव्हे. शेवटचा राक्षस ते डोळे मिटून मारतील. त्यानंतर दोन दारं येतात. एका दारात दागिन्यांनी मढलेली राणी उभी, दुसऱ्यात मेंढरं घेऊन धनगरीण. वीरानं एका दारात शिरायचं, म्हणजे गेम संपतो. दुसरं दार मग बंद. कॅसेट विकणाऱ्याकडून हे समजलं तेव्हा साडूंनी गेम बनवणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. म्हाळसा आणि बाणाई, देवाच्या दोघी बायका, यातली एक निवडा म्हणणारा माणूस कुठल्या काळजाचा असेल! "आमच्या गावानं आन् नळदुर्गानं देव वाटून घेतलाय," ते मला दम देऊन विचारत, जणू मीच तो गेम केला होता. "काही म्हैनं हितं, काही म्हैनं तितं. न्यायचा, परत आणायचा, करार हाय. दोन गावास्नी जमतंय, आन् ह्या दोघींस्नी न्हाय जमणार?" आणि दर रविवारी ते दारांपर्यंत जात, देवाला मधोमध उभा करत, हात जोडत आणि बटण बंद करत.

गेल्या वर्षी टीव्ही आजारी पडला. चित्र वरखालून आत यायला लागलं. दुरुस्तीवाला म्हणाला, याचं सामान आता मिळत नाही. नव्या टीव्हीला ते यंत्र जोडता येईना. मी मुद्दाम एका रविवारी अणदूरला गेलो आणि म्हणालो, "साडू, आज कुठल्या तरी दारात जा. शेवट बघून तरी घ्या. पुन्हा मिळायचा नाही." आक्काही म्हणाल्या, "जावा की ओ." चित्र चार बोटांएवढं उरलं होतं, देवाचे पाय दिसत नव्हते. साडू दारांपर्यंत पोचले, गेमचा रिमोट खाली ठेवला आणि हात जोडले. आम्ही तिघं बघत राहिलो. चित्राची रेघ झाली, रेघेचा ठिपका झाला आणि ठिपका विझला. या वेळी बटण त्यांनी बंद केलं नव्हतं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण ते शांतपणे म्हणाले, "बरं झालं. आता त्यास्नी कुणी निवडा म्हणणार न्हाय."

महिन्याभरानं ते धाराशिवला आमच्या दारात उभे राहिले. पिवळ्या फडक्यात कॅसेट बांधलेली. "एका घरात ऱ्हाऊन देव इसरला जातोय. पाडव्यापतोर तुमच्याकडं, मग माज्याकडं. परत आणून द्यायचा, हां! आमच्या येशीपतोर म्या घ्यायला येईन." माझ्याकडं तो गेम चालवायला काहीही नाही. कॅसेट शोकेसमध्ये ठेवली. परवा ऑफिसातले एक मित्र घरी आले आणि म्हणाले, "हे कसलं डबडं, टाकून द्या की." मी त्यांना उभ्यानं सुनावलं, पहिल्या डोंगरापासून, विहिरीवरच्या म्हातारीसकट. चहा न घेताच गेले ते.

दर रविवारी साडूंचा फोन येतो. आधी टीव्हीवाल्यांना शिव्या, मग मोबाईलवाल्यांना, मग जपानला. शेवटी आवाज खाली येतो आणि ते विचारतात, "देव बरं हायेत न्हवं?" मी शोकेसकडं बघतो. पाडवा जवळ आला आहे, आणि खरं सांगायचं तर मला परत द्यावंसं वाटत नाही.

"बरे आहेत," मी म्हणतो. "दोघीही बऱ्या आहेत."