मल्हारीची न फुटणारी संख्या

मल्हारी आमच्या नाटकमंडळीचा पडदा ओढायचा. निफाडकडचा, सातवी शिकलेला. हात दोरीवर असला तरी डोक्यात आकडे धावत असायचे. एकदा त्याने दहा कोटी एक या संख्येला सतराने भागले. बाकी शून्य, उत्तर ५८,८२,३५३. झाले! त्या दिवसापासून जेवतानाही त्याचे लक्ष जेवणात नसे.

“नाना, हिचे दोन तुकडे करा. ५८८ आणि २३५३. दोघांचे वर्ग काढून बेरीज मारा.”

तोंडाला रंग लावता लावता मी केली. ५८,८२,३५३! पुन्हा तीच संख्या. अंगावर काटा आला.

“आता एकच बघायचं हाय,” तो म्हणाला. “ही कशानं फुटते का.”

फुटते म्हणजे भाग जातो. २४२५ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचे. तोवर फुटली नाही तर कधीच फुटणार नाही. असे तीनशे साठ भागाकार! तो ते विंगेत उभ्याउभ्या वहीत करी. त्यापायी दोनदा पडदा उशिरा पडला.

“तिसऱ्यांदा चुकलास की दोरी दुसऱ्याच्या हातात,” व्यवस्थापक जीवनरावांनी बजावले. घरी हार ओवता ओवता त्याची बायको गोजराबाई म्हणाली, “त्या संख्येलाच आणा नांदायला. मी जाते माहेरी.”

चौऱ्याण्णव सालचा रविवार, नाशिकमध्ये दुपारचा प्रयोग. शेवटच्या अंकात मी मरणासन्न राजा. माझे “आता दिवे मालवा” हे वाक्य आले की पडदा, असा नेम. मान कलती करून विंगेत पाहतो तर मल्हारी गुडघ्यावर वही घेऊन लिहितोय, दोरी मोकळी! पहिल्या रांगेत जीवनराव. वाक्य म्हटले असते तर त्याची नोकरी गेली असती.

मी म्हटलेच नाही. उठून बसलो. लेकीला आशीर्वाद दिला, प्रधानाला क्षमा केली, लहानपणीच्या घोड्याचीही आठवण काढली. प्रधान झालेला दत्तू कानाशी पुटपुटला, “नाना, मरा ना आता!” प्रेक्षक रडत होते, मी घामाने भिजलो होतो. अखेर मल्हारीने मान वर केली, दचकून दोरी पकडली. मी वाक्य म्हटले आणि मेलो. पडदा अगदी वेळेवर पडला.

जीवनराव तणतणत आत आले. “मरायला किती वेळ घ्यावा माणसाने?”

“अंगात आलं हो,” मी म्हणालो. मल्हारीला त्यांनी काही विचारलेसुद्धा नाही.

ते वळताच तो माझा हात धरून म्हणाला, “२४२३ नं भागलं. १७३२ उरले. शेवटचा भागाकार होता. नाय फुटली, नाना!” डोळे भरून आले होते त्याचे. वाटले, आता तरी हा स्वस्थ बसेल. पण लगेच वहीची पाने उलटू लागला. “१०१३ नं भागताना मधीच पडदा टाकायला लागला होता. बाकी ८७५ लिवलीय. बरोबर असंल का?”

राजाच्या वेषातच मी पेन्सिल घेतली. माझे गणित कच्चे. पहिल्यांदा चुकलो, दुसऱ्यांदा ८७५ आली. तो शेजारी या पायावरून त्या पायावर होत उभा.

“लय उपकार, नाना,” तो म्हणाला. “अजून एकदा करता?”